कोंढाळीजवळ उतरलेली चेन

पत्र : काका, मी २६ वर्षांचा आहे. नागपूरला नंदनवनात राहतो, मिहानमध्ये नोकरीला आहे. आठ महिन्यांपूर्वी साडेतीनशे सीसीची जुनी बाईक घेतली आणि रविवारी फिरणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायला लागलो. गेल्या महिन्यात आम्ही पंधरा गाड्या एका दिवसात चिखलदऱ्याला जाऊन आलो. मी नवा म्हणून मला शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांना गाठायला शंभर-एकशे दहानं पळवावी लागत होती. परतताना कारंजा घाडगे सोडल्यावर, कोंढाळीच्या जवळ चेन उतरली. अंधार पडला होता. पुढचे निघून गेले, मी मागे नाही हे त्यांना नागपूरजवळच्या वाडीला पोचल्यावर कळलं. एका ढाबेवाल्यानं टॉर्च धरला आणि एका ट्रॅक्टरवाल्या दादानं चेन चढवून दिली. घरी पोचायला साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी ग्रुपचा लीडर सगळ्यांसमोर म्हणाला, "गाडी नीट ठेवता येत नसेल तर येत जाऊ नको." मला ते फार लागलं. मग व्हिडिओ पाहिले, चार हजारांचे पाने-सॉकेट आणले आणि इंजिन ऑइल स्वतः बदलायला बसलो. खालच्या बोल्टचे आटे गेले. गाडी ढकलत आमच्या सक्करदऱ्याच्या मेकॅनिक काकांकडे नेली, तर ते म्हणाले, "घरीच करायचं होतं तं आता माह्याकडं काहून आला?" आई म्हणते, विकून टाक ती गाडी. मी ग्रुप सोडू का? आणि हे स्वतः काम करायचं खूळ पण सोडून देऊ का?

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाडीपाशी थांबलो. कोंढाळीहून वाडी म्हणजे चाळीसेक किलोमीटर. चौदा माणसं तेवढं अंतर कापून गेली आणि एकालाही मागचा दिवा दिसत नाही हे जाणवलं नाही. चेन उतरली ती तुझी जबाबदारी होती, हे तुला मान्य आहेच, त्यावर पुढे बोलतो. पण अंधारात, रस्त्याच्या कडेला, एकटा राहिलास ती त्यांची जबाबदारी होती. लीडरनं सगळ्यांसमोर या दोन गोष्टी एकत्र कालवल्या आणि अख्खं ओझं तुझ्या खांद्यावर टाकलं. तू ते मुकाट्यानं उचललंस. आधी ते खाली ठेव.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आम्ही चौघं सावनेर, सौंसर, छिंदवाडा असे पचमढीला निघालो होतो. मोबाईल नव्हते. मी सगळ्यात पुढे. सौंसरच्या पुढे कुठेतरी माझा मित्र वळणावरच्या खडीवरून घसरला. आम्ही तिघं छिंदवाड्यात चहाच्या टपरीवर उतरलो, तेव्हा तो नाही हे कळलं. "येईल, पंक्चर झालं असेल," असं म्हणून आणखी वीस मिनिटं मीच घालवली. परत गेलो तेव्हा तो एका झाडाखाली बसला होता, गळपट्टीचं हाड मोडलेलं, गावातल्या एका बाईनं दिलेला पाण्याचा तांब्या शेजारी. त्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून पाळून घेतो : आपल्या मागचा माणूस आपल्या आरशात असला पाहिजे.

नियम एवढाच आहे. प्रत्येकानं फक्त आपल्या लगेच मागच्या गाडीची काळजी घ्यायची. ती आरशातून गेली की वेग कमी करायचा. मिनिटभरात दिसली नाही तर सुरक्षित जागा पाहून कडेला थांबायचं. तू थांबलास की तुझ्या पुढच्याच्या आरशातून तू जातोस, मग तो थांबतो, मग त्याच्या पुढचा. फोन नाही, हॉर्न नाही, तरी काही मिनिटांत निरोप लीडरपर्यंत पोचतो. जिथे रस्ता फुटतो तिथे तर मागचा दिसेपर्यंत वळायचंच नाही. तुमच्या ग्रुपमध्ये हा एक नियम असता तर तू कोंढाळीला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त एकटा राहिला नसतास.

आता तुला शंभर-एकशे दहानं का पळवावी लागली ते समजून घे, कारण तू ते आपलं कच्चेपण समजून बसला आहेस. समज, लीडर ८० नं चालला आहे. पुढे ट्रक आला, समोरून वाहन नाही, तो पार झाला. त्याच्या मागचे दोन-तीन गेले. मग समोरून एक बस आली, बाकीचे अडकले. शेवटच्याला वाट मिळेपर्यंत ४५ सेकंद गेली. ८० च्या वेगानं ४५ सेकंदांत गाडी एक किलोमीटर जाते. तो एक किलोमीटर भरून काढायला तू १०० नं चालवलीस तर तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तू पाच किलोमीटर कापतोस. त्या पाच किलोमीटरमध्ये आणखी दोन ट्रक, एक गाव, एक गतिरोधक. म्हणजे पुढचा माणूस निवांत ८० नं चाललेला असतो आणि शेवटचा दिवसभर जीव मुठीत धरून धावत असतो. यात कौशल्याचा प्रश्न कमी, रांगेच्या लांबीचा जास्त. आणि चौपदरी महामार्गावरसुद्धा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीला ८० चीच मर्यादा आहे. तेव्हा "मागच्यानं गाठावं" असं म्हणणारा लीडर मागच्याला कायदा मोडायला सांगतो आहे, मग त्याच्या तोंडून तसा शब्द निघो किंवा न निघो.

म्हणून नव्या माणसाची जागा शेवटी नसते. ती दुसरी असते, लीडरच्या बरोब्बर मागे. लीडरला आरशात त्याची चाल दिसते, त्याच्या सोईनं वेग ठरतो आणि अख्खी रांग आपोआप शहाणी होते. शेवटी जुना, मुरलेला माणूस हवा, ज्याच्याकडे पाने, पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पिशवी असते आणि जो कुणालाही मागे सोडून पुढे जात नाही. आणि पंधरा गाड्या एका माळेत नकोच. पाच-पाचचे तीन गट, प्रत्येक गटाचा आपला लीडर आणि आपला शेवटचा, नाश्त्याच्या जागी सगळ्यांची भेट. मोकळ्या रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असं आडवं-तिरपं चालावं, आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवावं. घाटात आणि अरुंद रस्त्यावर एकामागे एक. ओव्हरटेकचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा. पुढचा गेला म्हणून आपण जायचं, यातच माणसं जातात.

एका दिवसात चिखलदरा करून येणं हेही मला पटलं नाही. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरच्या घरात जातं, त्यात परतवाड्यानंतरचा घाट. परतीला अंधार होतोच. आपल्या भागात अंधार पडल्यावर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रस्त्यावर येतात, कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. आठ महिन्यांच्या चालकाला अशा वेळी, थकलेल्या अंगानं, सगळ्यात मागे ठेवणं ही चूक आहे. मुक्काम करून जायचं ठिकाण आहे ते.

तर ग्रुप सोडू का? आधी लीडरशी समोरासमोर बोल. ग्रुपच्या चॅटवर नको, तिथे चौघं हसतात आणि माणूस हट्टाला पेटतो. पोह्याच्या गाडीवर, दोघंच असताना. म्हण, "दादा, गाडी मी ठीक ठेवीन, तो शब्द माझा. पण मला दुसऱ्या नंबरवर घ्या, शेवटी कोणी जुना ठेवा आणि आरशाचा नियम सगळ्यांना लावा." चांगला माणूस असेल तर तो ओशाळेल आणि मान्य करेल. कदाचित त्यालाही कुणी हे शिकवलेलं नसेल. हसून उडवलं, तर त्या ग्रुपचा त्याच दिवशी नाद सोड. तीन जण पुरेत. आणि कुठल्याही ग्रुपमध्ये कुणी "समृद्धीवरून जाऊ, रस्ता मोकळा आहे" म्हणालं तर मागे वळ. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही.

आता चेनकडे येऊ. इथे मी तुला पाठीशी घालणार नाही.

चेन एका दिवसात उतरत नाही. ती आधी ढिली होते, मग स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे, दात झिजून हुकासारखे वाकतात आणि एक दिवस तू वेगात असताना अचानक ॲक्सिलरेटर सोडतोस, ढिली चेन उसळते आणि दातावरून उतरते. तुझी बाहेरच्या बाजूला उतरली म्हणून तू हे पत्र लिहू शकलास. तीच चेन स्प्रॉकेट आणि चाकाच्या मध्ये अडकली असती तर मागचं चाक जागच्या जागी जाम झालं असतं. शंभरच्या वेगात त्याचा अर्थ काय, ते मी लिहीत नाही. जुनी गाडी घेतल्यापासून आठ महिन्यांत तू एकदाही चेनला हात लावून पाहिलं नाहीस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. ट्रॅक्टरवाल्या दादानं चढवून दिलेली चेन आजही तशीच असेल, तर पुढचं काम होईपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढू नको.

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं धर आणि मागे ओढ. चेन दातापासून सुटून अर्धा दात उघडा पडत असेल तर ती संपली. दात वाकलेले दिसले तरी तेच. मग पुरं चेन किटच बदलायचं : चेन, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, तिन्ही एकदम. नुसती चेन बदलून पैसे वाचवले की झिजलेले दात नव्या चेनला काही महिन्यांत खाऊन टाकतात.

चेन चांगली निघाली, तर ताण मोजायला शीक. मॅन्युअल उघड किंवा मागच्या चाकाच्या फोर्कवरचा स्टिकर पाहा, तिथे आकडा दिलेला असतो. अशा गाड्यांत तो बहुधा २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुझ्या गाडीचा जो असेल तोच खरा. मोजताना गाडी साइड स्टँडवर हवी की मधल्या, तेही तिथेच लिहिलेलं असतं. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध, खालची चेन बोटानं वर-खाली कर आणि पट्टीनं मोज. एकदा मोजून उठू नको. चाक थोडं फिरव, पुन्हा मोज, असं चार-पाच ठिकाणी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सगळ्यात घट्ट लागते, तिथे आकडा जुळला पाहिजे. मग एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरव. दोन्हीकडच्या खुणा सारख्या नसतील तर चाक तिरकं बसतं. शेवटी एक्सलचा नट पक्का झाला का, ते दोनदा पाहा.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात, मीही केली आहे : उतरायच्या भीतीनं चेन तारेसारखी ताणतात. तू आणि मागे बसलेला माणूस मिळून गाडी खाली दबते तेव्हा चेन आणखी ताणली जाते. तिला तेवढी जागा ठेवली नाही तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं आणि तो खर्च चेन किटच्या कितीतरी पट असतो.

चेन साफ करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली खिशात. चाक हातानं फिरवायचं. गाडी चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला ब्रश लावणारे व्हिडिओ तू पाहिले असशील. त्या पद्धतीत बोटं तुटतात. मऊ ब्रश घे, रॉकेल मिळालं तर ठीक, नाहीतर चेन क्लिनरचा स्प्रे. पेट्रोल मात्र लावायचं नाही, त्यानं चेनच्या कड्यांतले रबरी ओ-रिंग खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. फडक्यानं कोरडी पुसून मग चेन ल्यूब, खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं. चाक फिरलं की तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि रोलरमधून आपोआप झिरपतं. टायरवर आणि डिस्कवर थेंबही उडू देऊ नको. दर पाचशे किलोमीटरला एकदा हे करायचं, आणि पावसात भिजून आलास की त्याच दिवशी.

ड्रेन बोल्टचे, म्हणजे ऑइल काढायच्या त्या खालच्या बोल्टचे, आटे का गेले? इंजिनचं खालचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी. लांब दांड्याच्या पान्यानं "आणखी थोडा" म्हणत जोर लावला की मऊ धातू हार मानतो. मॅन्युअलमध्ये त्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोरानं आवळायचा ते, दिलेला असतो. टॉर्क रेंच नसेल तर छोटा पाना घे, कारण दांडा आखूड असला की जोरही आवरता येतो. बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा, तो दाबला जाऊनच गळती थांबवतो. तुझे आटे गेले म्हणजे इंजिन गेलं असं नाही. लेथवर काम करणारा माणूस त्या भोकात नवा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बांगडी, बसवून देतो आणि ते पहिल्याइतकंच पक्कं होतं. आणि ऑइल कुठलं टाकलंस ते लिहिलं नाहीस. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए टू असं लिहिलेलं बाईकचंच ऑइल हवं. कारचं टाकलं तर क्लच घसरतो. काढलेलं काळं ऑइल नालीत ओतलं असशील तर पुन्हा तसं करू नको. ते बाटलीत भरून मेकॅनिककडे द्यायचं, त्याच्याकडून ते पुढे जातं.

आता मेकॅनिक काका. त्यांचं बोलणं तुला टोमण्यासारखं लागलं. मला त्यात दुखावलेला माणूस दिसतो. तुमच्या घरच्या गाड्या त्यांनी सांभाळल्या आणि तू पहिला धडा अनोळखी माणसाच्या व्हिडिओवरून घेतलास. दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा जा. आधी त्या आट्यांच्या कामाचे पूर्ण पैसे दे. मग म्हण, "काका, मला शिकायचं आहे. तुमचं काम काढून घ्यायचं नाही, रस्त्यात अडकायचं नाही म्हणून." पुढचं ऑइल त्यांच्याच फरशीवर, त्यांच्या नजरेखाली बदल आणि मजुरी पूर्ण दे. बोल्ट किती घट्ट झाला की थांबायचं, हे मनगटाला समजावं लागतं आणि ते ज्याच्या हाताखालून हजार बोल्ट गेले त्याच्याजवळ उभं राहूनच येतं.

घरी काय करायचं? चेन. हवा, तीही सकाळी टायर थंड असताना, कारण आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या टायरचा काटा वर दाखवतो आणि तेव्हा हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो. क्लचच्या केबलचा ढिलेपणा, एअर फिल्टर, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी, ऑइलची पातळी, सगळे दिवे. ब्रेक पॅड किती उरले ते पाहायला शीक, बदलायचे मात्र काकांकडे. ब्रेक ऑइलला अजिबात हात लावू नको. ते हवेतली ओल शोषतं, ओल शिरली की कमी उष्णतेला उकळतं आणि चिखलदऱ्यासारख्या उताराला नेमका तेव्हाच ब्रेकचा लिव्हर मऊ पडतो. दोन वर्षांनी एकदा ते बदलून घे, जाणत्या हातानं. जुनी गाडी घेतली आहेस, तर तुझं कधी बदललं होतं ते आधीच्या मालकाला आजच विचार. टायरच्या कडेवरचे चार अंकही वाच, टायर कधी बनला ते कळतं : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

ती चार हजारांची पेटी घरी राहू दे. रस्त्यावर न्यायला गाडीबरोबर आलेलं टूलकिट, एक्सलला बसेल असा पाना, पंक्चर किट, हातमोजे आणि डोक्याला लावायचा टॉर्च, एवढं एका फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेव. फोनमध्ये १०३३ घालून ठेव, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आईला मी दोष देत नाही. साडेदहापर्यंत ती दाराशी उभी असेल. तिला "काही होत नाही" असं सांगू नको, कारण होतं. तिच्यासमोर अंगणात बसून चेन साफ कर. कुठे चाललास, कोणाबरोबर, परत कधी, हे कागदावर लिहून ठेव आणि शेवटच्या दोघांचे नंबर तिच्याकडे दे. गाडी विकायची की नाही हे सहा महिन्यांनी दोघं मिळून ठरवा.

काकांकडून काम झालं की पहिल्या रविवारी रामटेकला जा. दोन मित्र घे, तू मधे. उजाडता निघा, कामठी, कन्हानच्या पुलापलीकडे एकदा थांबा, मनसरच्या फाट्यावर दुसऱ्यांदा, आणि दोन्ही ठिकाणी गाडीभोवती एक चक्कर मारून चेन, हवा, दिवे पाहा. पन्नास किलोमीटरचा रस्ता आहे, गडावर जाऊन, खिंडसीच्या काठावर डबा खाऊन दुपारच्या उन्हाआधी घरी येता येतं. घरी आलास की आधी चेनला तेल दे, ती गरम असतानाच. ते रात्रभर मुरतं. आंघोळ त्यानंतर. आणि कोंढाळीचा तो ढाबा तुला आठवत असेल, तर पुढच्या वेळी त्या रस्त्यानं जाताना तिथे थांबून त्या माणसाकडे जेव.